नियमात बसणारा बँड

अख्ख्या वऱ्हाडात नियमाने जगलेला माणूस एकच होऊन गेला, आणि तो नेमका मामेसासरा म्हणून माझ्या वाट्याला आला. बाकीचे लोक नियम पाळतात ते पोलिसाला भिऊन, देवाला भिऊन, नाहीतर बायकोला भिऊन. माझ्या बायकोच्या या मामांना नियमाचा लळाच होता. फौजेतून सुभेदार होऊन ते धामणगाव बढ्याला परतले, तेव्हा गावाला त्यांची लोखंडी ट्रंक दिसली, चकचकीत बूट दिसले आणि मिशा दिसल्या. खरा ऐवज त्यांनी डोक्यातून आणला होता. जेवावं कसं, शिंकावं कुठे, पाहुण्याला उठवावं कधी, म्हशीने उभं राहावं कोणत्या अंगाने, या सगळ्याला त्यांच्याकडे ‘रूल’ होता. एखाद्या गोष्टीला रूल नसेल तर ते अस्वस्थ होत आणि ती गोष्ट करायचीच टाळत.

दिवाळसणाला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा एस.टी. रस्त्यात बंद पडली. धुळीने माखून दारात पोचलो, तर मामा अंगणात घड्याळाकडे बघत उभे. “लेट आले तुमी, जवाईबापू,” ते म्हणाले. मी गाडी बंद पडल्याचं सांगितलं. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “गाडी बंद पडली ते गाडीच्या खात्यात. तुमी लेट आले ते तुमच्या खात्यात.” मग मला आंघोळीला गरम पाणी, अंगाला सुगंधी तेल आणि ताटात पुरणपोळी, सगळं यथासांग मिळालं. फक्त जावयाला बसायला टाकलेला पाट भिंतीशी काटकोनात नव्हता, म्हणून तो सरळ होईपर्यंत मला उभं राहावं लागलं.

सकाळी ते तोंडाने बिगुल वाजवीत. तो ऐकून शेजारपाजारचे लोक उठत, घरातले मात्र सवयीने कूस बदलून झोपत. त्यानंतर गोठ्यात हजेरी व्हायची. म्हशी ओळीत उभ्या राहायच्या, म्हणजे तशा त्या नेहमीच उभ्या असायच्या, पण मामा ते आपल्या शिस्तीचं फळ समजत. एक म्हैस हजेरीच्या वेळी हटकून बसायची. तिच्याविषयी बोलताना ते आवाज खाली करून म्हणत, “हिची सर्विस चांगली हाय, पन वागनूक नाही.” या साऱ्या राज्यात नियमातून सूट होती ती फक्त मामींना. मामांनी ‘रूल’ म्हटलं की मामी चुलीकडे बोट दाखवून म्हणायच्या, “इथं जागा हाय, टाका तुमचा रूल.” मामा मग गप्प बसत. वरिष्ठांशी वाद घालायचा नाही, हाही एक रूल होता.

गावाने त्यांना कधी गंभीरपणे घेतलं नाही आणि कधी टाकलंही नाही. ग्रामपंचायतीच्या सभेला ते सभासद नसताना जात आणि दारात उभे राहून ऐकत. आत रस्त्याची खडी कुणाच्या अंगणात गेली यावर भांडण जुंपलं की ते बाहेरून खाकरत. तेवढ्याने विषय बदलायचा.

मात्र एका घरासमोरून जाताना मामांची मान खाली असायची. ते घर सखूबाईंचं. एकच खोली, पुढे कुडाची पडवी. त्यांचा एकुलता एक मुलगा नामदेव. मामांच्या गोष्टी ऐकून ऐकून त्याला फौजेचं वेड लागलं आणि मामांनीच त्याला नेऊन भरती केलं. एस.टी. सुटताना सखूबाई रडायला लागल्या, तेव्हा सगळ्या स्टँडासमोर मामा त्यांना म्हणाले होते, “वयनी, रडू नका. पोरगं परत आलं का मिल्ट्रीचा बँड लावून तुमच्या दारात आनतो त्याले. हा माह्या शब्द हाय.” नामदेव चीनच्या लढाईत गेला. बर्फातच राहिला. सरकारची तार आली, पुढे पेन्शनही सुरू झालं, पण गणवेशातला एकही माणूस त्या दारात आला नाही. सखूबाईंनी मामांना कधी एका शब्दाने बोल लावला नाही. त्यांनी बोल लावला असता तर मामांना सोपं गेलं असतं, असं मामी म्हणत.

तेव्हापासून मामांच्या मनात बँडाने घर केलं. ते पलटणीच्या सेंटरला अर्ज पाठवू लागले. जबाब यायचा की फौजेचा बँड कुणाच्या घरगुती कारणासाठी मिळत नाही. मग कधीतरी तिकडे वरून हुकूम निघाला म्हणे, की फौज आणि जनता यांनी एकमेकांना ओळखावं, त्यासाठी जवानांनी गावोगाव जावं, बँड वाजवावा, कवायत दाखवावी. मामांनी अर्ज बदलला. सखूबाईंचं नाव काढलं आणि ‘समस्त जनता, धामणगाव बढे’ असं लिहिलं. बँड मंजूर झाला. सोबत इंग्रजीत नियमांचं जाडजूड परिपत्रक आलं आणि उंद्रीच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो म्हणून ते वाचायला मला बोलावणं आलं.

ते परिपत्रक लिहिणाऱ्याला जनता अगदी जवळून माहीत असावी, इतकी त्याला तिची भीती वाटत होती. कार्यक्रम सर्वांना खुला हवा, तिकीट नको. कोणत्याही पक्षाचा, धर्माचा वा धंद्याचा त्यातून प्रचार होता कामा नये. सरकार येण्याजाण्याचा आणि जवानांच्या शिध्याचा खर्च करील, बाकी मंडप-खुर्च्यांचं गावाने बघावं. जवानांनी जनतेकडून भेटवस्तू घेऊ नये. जनतेने जवानांना मेजवानी देऊ नये आणि सरकारी खर्चाने जनतेलाही काही खाऊपिऊ घालू नये. मी एकेक कलम मराठीत सांगत होतो आणि मामांचा चेहरा तुकडोजीच्या भजनाला बसलेल्या माणसासारखा होत चालला होता. शेवटी ते म्हणाले, “काय लिहिलं हाय, जवाईबापू. एक बी फट ठेवली नाही.”

फट नव्हती हे खरंच, पण तिथून आत शिरायला गाव टपून बसलं होतं. पहिले आले जिनिंगवाले शेठ. मंडपाचा सगळा खर्च त्यांचा. फक्त मंडपावर त्यांच्या जिनिंगची पाटी, आणि बँडाच्या मागे त्यांची कापसाची सजवलेली गाडी. मामा म्हणाले, “धंद्याचा प्रचार. बसत नाही.” मग आले पुढारी. लाउडस्पीकर आणि खुर्च्या त्यांच्या, अध्यक्षही तेच, आणि बँड वाजण्याआधी त्यांचे दोन शब्द. पुढाऱ्यांचे दोन शब्द म्हणजे किती हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. मामांनी तेही कलम दाखवलं. मंदिराच्या मंडळींनी बँड पालखीपुढे मागितला. एका बड्या शेतकऱ्याच्या मुलीचं लग्न त्याच आठवड्यात होतं. त्यांचा माणूस येऊन म्हणाला, “सुबेदारसाहेब, लग्नाले सगळी जनताच तर येऊन राह्यली. खुला कार्यक्रमच झाला ना तो?” मोताळ्याच्या व्यापाऱ्यांनी तर निरोप धाडला की बँड आमच्या बाजारात वाजवा, तुमच्या गावाला इथून ऐकू येईल. मामांनी एकेकाला बसवून घेतलं, कलम वाचून दाखवलं, पाणी दिलं आणि वाटेला लावलं.

असं करता करता नियम सगळे शाबूत राहिले आणि मंडप, खुर्च्या, लाउडस्पीकर यातलं काहीच उरलं नाही. मी म्हटलं, “मामा, एवढं ताणू नका. बँड यायचा आणि उन्हात उभा राहायचा.” ते म्हणाले, “उन्हात उभं राह्याचा रूल हाय त्यायले.”

खरा पेच पडला तो चहाचा. गावाने जवानांना चहा पाजला तर मेजवानी, आणि जवानांनी गावाला पाजला तर सरकारी पैशाची उधळपट्टी. कुणीच प्यायला नाही तर फौज आणि जनता यांची ओळख व्हायची कशी? आपल्याकडे चहाशिवाय नुसती भांडणंसुद्धा होत नाहीत. मामा यावर रात्रंदिवस विचार करीत आणि मामी त्यांच्याकडे काळजीने बघत. शेवटी त्यांनी तोड काढली. शाळेच्या मैदानात मधोमध दोरी बांधायची. दोरीच्या अलीकडे गावाची चूल, पलीकडे फौजेची. गावाने गावाचा चहा प्यायचा, फौजेने फौजेचा, आणि दोघांनी एकमेकांकडे तोंड करून प्यायचा. ओळख नजरेने करून घ्यायची.

आता शेठ आणि पुढारी हे काही स्वस्थ बसणारे लोक नव्हते. एस.टी. स्टँडापासून शाळेपर्यंत बँड वाजत जाणार होता. मामा मंडपात पाटी लावू देत नाहीत ना, मग शेठनी बाजाराच्या रस्त्यावर या घरापासून त्या घरापर्यंत जिनिंगच्या नावाचं कापड ताणलं. पुढाऱ्यांनी चावडीच्या रस्त्यावर पक्षाच्या झेंड्यांची कमान उभी केली आणि वर स्वतःचा फोटो लावला. बँड आता जातो कुठून, असं दोघांचंही म्हणणं. मला वाटलं, मामा आकाशपाताळ एक करतील. ते दोन्ही रस्ते पाहून आले आणि हात मागे बांधून म्हणाले, “बाजाराच्या रस्त्यानं धंद्याचा प्रचार. चावडीच्या रस्त्यानं पक्षाचा. दोनी रस्ते बंद.”

“मग बँड कुठून नेता?” मी विचारलं.

“एकच रस्ता राह्यला ना आता, जवाईबापू. सखूबाईच्या बोळातून.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कमान उभी राहत असताना, कापड ताणलं जात असताना, हा मनुष्य एका शब्दाने कुणाला अडवायला गेला नव्हता. फट नसलेल्या परिपत्रकात त्यांना एक बोळ सापडला होता.

“पण मामा, बँड तिथून नुसता निघून जाईल,” मी म्हणालो. “दारात थांबायचं कसं? ते तर घरगुती कारण झालं.”

“पानी,” मामा म्हणाले. “पानी प्यायले थांबता येते. पानी भेटवस्तूत येत नाही, मेजवानीत बी नाही. तुमीच वाचलं ना.” पाण्याबद्दल परिपत्रकात अवाक्षरही नव्हतं. पण ते मामांनी इतक्या ठामपणे सांगितलं की मलाच आपण एखादं पान गाळलं असं वाटलं.

ठरल्या दिवशी मलकापूर स्टेशनावरून ट्रक आला आणि स्टँडावर बँड उतरला. गावाने आजवर पाहिलेला बँड म्हणजे लग्नातले वाजंत्री. त्यांच्या डगल्यांची बटणं तुटलेली आणि सनईवाल्याचा खोकला सुरांपेक्षा मोठा. हे लोक वेगळेच होते. पितळेची वाद्यं उन्हात बघवत नव्हती. ढोलवाला आडदांड, डोंगराकडचा, आणि त्याच्या अंगावर चक्क वाघाचं कातडं. त्यांचे बँडमास्तर मात्र दक्षिणेकडचे, काटकुळे, आणि त्यांच्या हातात फक्त चांदीच्या मुठीची काठी. मामा त्यांच्यापुढे खाडकन उभे राहिले आणि सलाम केला. इतक्या वर्षांनी मामांच्या वर कुणीतरी होतं, आणि ते सुख त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

बँड बोळात शिरला. बोळ अरुंद, मधून गटार, आणि दोन शेळ्या कुणालाही न जुमानता बसलेल्या. वाजवणाऱ्यांना चौघांच्या ओळी मोडून दोघांच्या कराव्या लागल्या. मागे सगळं गाव लोटलं होतं. शेठ आणि पुढारीही आपापली सजावट सोडून तिथेच गटार चुकवीत चालत होते. सखूबाईंच्या दाराशी येताच मामांनी हात वर केला आणि बँडमास्तरांना म्हणाले, “साब, पानी का हॉल्ट.” वाजवणं थांबलं. दारात दोन घागरी भरून ठेवलेल्या होत्या. मामांनी सखूबाईंना तेवढंच सांगितलं होतं, की लोक पाणी प्यायला येतील.

पण दारात वाजंत्री आलं की काय करायचं हे सखूबाईंना मामांनी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी पाणी दिलं आणि आत गेल्या. बाहेर आल्या त्या ताटात कुंकू, नारळ, टोपी आणि दुपट्टा घेऊन. टोपी-दुपट्टा जुना होता, घडीवर पिवळा पडलेला. नामदेवच्या लग्नात वाजंत्र्यांच्या म्होरक्याला द्यायला म्हणून त्यांनी तो कधीचा घेऊन ठेवला होता, हे आळीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. त्यांनी एकवार सगळ्या बँडावर नजर फिरवली. म्होरक्या कोण, हे त्यांना एका नजरेत कळलं. ज्याचं वाद्य सगळ्यात मोठं तो म्होरक्या. त्या सरळ ढोलवाल्यापुढे गेल्या. मध्ये काठी घेऊन उभ्या असलेल्या बँडमास्तरांना त्यांनी मायेने बाजूला केलं आणि म्हणाल्या, “सरक जरासा, बाप्पा. कोतवाल व्हय का तू?”

त्यांनी ढोलवाल्याला कुंकू लावलं, वाघाच्या कातड्यावर दुपट्टा घातला आणि टोपी घालायला टाचा उंचावल्या. तो पहाडासारखा मनुष्य ताठ उभा होता. त्याला हलायचा हुकूम नव्हता आणि सखूबाईंचा हात त्याच्या डोक्याला पुरत नव्हता. त्याने बँडमास्तरांकडे पाहिलं. बँडमास्तरांनी मामांकडे पाहिलं. ते हळूच म्हणाले, “सूबेदारसाब, गिफ्ट तो अलाउड नहीं है.”

शेठ कान टवकारून ऐकत होते, पुढारी पुढे सरकले होते. महिनाभर ज्या परिपत्रकाने या सगळ्यांना दारातून परत पाठवलं, ते आता मामांच्या पुढ्यात येऊन उभं होतं. आणि सखूबाई टोपी हातात धरून विचारत होत्या, “काय म्हनते तो? घेत नाही काय? दारी वाजंत्री आलं आन् खाली खांद्यानं गेलं, असं आमच्या घरात झालं नाही, सुबेदार.”

मामांनी टाचा जुळवल्या. “साब,” ते म्हणाले, “जिस घर का जवान लौटा नहीं, उस घर का दिया हुआ लेना पडता है. रूल है.”

“कौनसा रूल?”

“पुराना रूल है, साब.”

बँडमास्तरांनी मामांकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, सखूबाईंच्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. ते काटकुळे गृहस्थ फौजेत उगाच एवढे दिवस राहिले नव्हते. त्यांनी ढोलवाल्याला एवढंच सांगितलं, “झुको.” तो वाकला, सखूबाईंनी आपल्या हाताने टोपी घातली, आणि बँडमास्तरांनी काठी बगलेत मारून त्या म्हातारीला सलाम केला. मग बँड तिच्या दारात वाजला. काय वाजवलं ते मला सांगता येणार नाही, मी गटाराच्या कडेला उभा राहून डोळे पुसत होतो.

बँड पुढे निघाला तेव्हा सखूबाई मामांजवळ आल्या. पायलीने धान्य मोजावं तशा सरळ आवाजात म्हणाल्या, “सुबेदार, अर्धा शब्द पुरा झाला तुमचा.”

मामांनी रिकाम्या घागरी उचलून पडवीत ठेवल्या आणि ते बँडामागे निघाले.

पुढे मैदानात कार्यक्रम झाला. शेठनी आता आपणहून मंडपाचं कापड आणून टाकलं, पाटीवाचून. पुढाऱ्यांनी खुर्च्या दिल्या आणि स्वतः जमिनीवर बसले, हे त्यांच्या राजकीय जीवनात पुन्हा कधी घडलं नाही. दोरीच्या पलीकडे फौजेचं दूध नासलं. गावातून दुधाचा लोटा दोरीवरून पुढे झाला. सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. ते म्हणाले, “उसनं. उसनं म्हनजे भेट नाही.” दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तेवढंच दूध आपल्या म्हशीचं, हजेरीला बसणाऱ्या त्या म्हशीचं, भारत सरकारच्या वतीने ज्याचं त्याला परत केलं.

संध्याकाळी ओट्यावर मी त्यांना विचारलं, “मामा, तो रूल कोणत्या कलमात आहे? मी तर वाचला नाही.” त्यांनी बुटाच्या टाचेवर पॉलिशचा हात फिरवला. मग म्हणाले, “तो छापायचा राह्यला हाय, जवाईबापू.” आणि बूट खाली ठेवून, “अर्धा शब्द बी राह्यलाच हाय.”

तो अर्धा शब्द पुरा होण्यासारखा नव्हता, हे मामांना आणि सखूबाईंना दोघांनाही ठाऊक होतं. पण त्यानंतर मामांनी नवीनच काम मागे लावून घेतलं. आसपासच्या गावातला कुणी जवान रजेवर आला की ते स्टँडावर हजर. त्याची ट्रंक आपल्या हातात घ्यायची आणि त्याला आधी बोळातून सखूबाईंच्या दारात न्यायचं. तिथे गणवेशातच पाणी प्यायचं आणि मग आपल्या घरी जायचं. पोरं कुरकुर करीत. “आई वाट पाहून राह्यली ना, साहेब,” म्हणत. मामा म्हणत, “हाव, आईच वाट पाहून राह्यली. चाल.” सखूबाई प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघायच्या, पाणी द्यायच्या, आणि जाताना म्हणायच्या, “सुट्टी सरली का जाशीन तवा बी येऊन जाजो, बाबू.”

मामा गेले, त्यांच्या मागोमाग दोनेक पावसाळ्यांनी सखूबाईही गेल्या. मामांच्या अंत्ययात्रेला बँड नव्हता. त्यांच्या हुद्द्याला तो नियमात बसत नव्हता, आणि नसता हट्ट त्यांनी स्वतःच करू दिला नसता. बोळातल्या त्या घरात आता सखूबाईंची पुतणसून राहते.

अलीकडे एकदा मी धामणगावला उतरलो, तर माझ्याच गाडीतून एक कोवळा जवान ट्रंक घेऊन उतरला. त्याचं घर बाजाराच्या रस्त्याला. पण तो वळला बोळाकडे. मी मागून गेलो. पुतणसुनेने तांब्या पुढे केला, तो उभ्यानेच पाणी प्यायला आणि तांब्या परत देऊन सरळ उभा राहिला. परतताना मी त्याला विचारलं, घर त्या बाजूला असताना इकडे काऊन आला बाबा? त्याने मामांना पाहिलेलं असणं शक्य नव्हतं, सखूबाईंचं नावही त्याला आठवेना.

“आपल्या गावचा रूल हाय ना, सर,” तो म्हणाला. “लय पुराना.”